नाईक अहिरे खुर्चीवर बसत नाही

सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकातून आत वळलं की साड्यांच्या लेसची दुकानं लागतात. त्यातल्या एका दुकानाच्या वर, लोखंडी जिन्याने चढून गेलं की आमचं कार्यालय होतं. माजी सैनिकांचं मंडळ. गुडघे गेलेल्या, पाय गेलेल्या माणसांसाठीचं कार्यालय पहिल्या मजल्यावर घेणारे आम्ही शहाणे! पण तिथे भाडं कमी होतं. एक टेबल, दोन कपाटं, एक पंखा आणि भिंतीला लावलेल्या तीन खुर्च्या. अकरा वर्षं मी त्या टेबलामागे काढली. त्या अकरा वर्षांत, एक जण सोडला तर, कामासाठी आलेला फौजी आपणहून त्या खुर्चीवर बसल्याचं मला आठवत नाही. फौजींच्या बायका बसत, विधवा बसत, सोबत आलेले शेजारी तर पसरून बसत. फौजी मात्र टेबलापासून दीड हातावर टाचा जुळवून उभा. ‘बसा’ म्हटलं की ‘ठीक आहे बाबूजी’ म्हणायचा आणि तसाच उभा राहायचा.

बाबूजी म्हणजे मी. पलटणीत क्लर्कला बाबूजी म्हणतात. त्यात मान किती आणि टोमणा किती, ते म्हणणाऱ्यावर असतं. मी अमळनेरकडचा. फौजेत चोवीस वर्षं क्लर्की केली, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि मुलाच्या नोकरीमुळे सुरतेत आलो. बंदूक मी प्रशिक्षणानंतर फारशी हातात धरली नाही. पण माझ्या हातून गेलेली फाईल त्रुटीचा शेरा मारून परत आली, असं क्वचितच झालं. हे मी बढाई म्हणूनच सांगतोय, उगाच नम्रपणा कशाला? माझा नियम एकच होता: कागद जास्त झाला तरी चालेल, कमी पडता कामा नये. याच नियमाने मला एकदा असं तोंडावर पाडलं की आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात. त्या प्रकरणात माझ्या हातून दोन गोष्टी घडल्या. पहिली चूक होती. दुसरीला चूक म्हणायचं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोकरीत जायबंदी झालेल्या सैनिकाला अपंगत्वाची पेन्शन मिळते. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. इजा नोकरीमुळे झाली हे एक, आणि अपंगत्व किमान वीस टक्के आहे हे दुसरं. टक्के ठरवतो लष्करी डॉक्टरांचा बोर्ड. वीसची रेघ ओलांडली तर पेन्शन, नाहीतर घरी जा. पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला निदान साधी पेन्शन असते. त्याआधी बाहेर पडलेल्याला ही रेघ म्हणजेच सगळं.

आणि आमच्या माणसांची खोड अशी की बोर्डापुढे गेले की ते बरे होतात. भरतीच्या पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट अंगात मुरवलेली असते, साहेबाने ‘कोई तकलीफ?’ विचारलं की उत्तर ‘नहीं साब’. साहेबाला खरंच तकलीफ जाणून घ्यायची आहे, हा विचार त्यांच्या डोक्यातच येत नाही. तोफखान्यातला एक जुना हवालदार माझ्याकडे यायचा. तोफेच्या आवाजाने त्याचा उजवा कान पार गेलेला. त्याच्या अर्जाची मी महिनाभर तयारी केली. हा पठ्ठ्या बोर्डापुढे डॉक्टरांच्या ओठांकडे बघत प्रत्येक प्रश्नाला हसून मान हलवत राहिला. ‘ऐकू येतं?’ या प्रश्नालाही त्याने मान हलवली. परत येऊन मला सांगतो कसा, साहेब फार खूश होते. मी कपाळाला हात लावला.

रघुनाथ अहिरे माझ्याकडे आला तो पेन्शनसाठी नव्हेच. उन्हाळ्याचे दिवस होते. जिन्यावर आवाज आला. एक पाऊल जोरात, मग थोडं थांबून दुसरं घासत. एव्हाना मी जिन्याच्या आवाजावरून पाय ओळखायला शिकलो होतो, आणि हा पाय वाईट होता. आवाज दाराबाहेर थांबला. बराच वेळ कोणी आत येईना. मग एक चाळिशीचा उंच माणूस, मिशी नीट कापलेली, शर्टाची इस्त्री कडक, ताठ चालत आत आला आणि टाचा जुळवून उभा राहिला. बाहेर घाम पुसून, श्वास सरळ करून मगच तो आत आला होता. त्याला हवा होता तंदुरुस्तीचा दाखला.

इच्छापोरच्या एका कारखान्यात तो पहारेकरी होता. आत रजिस्टरपाशी बसायचं काम होतं, तेव्हा निभत होतं. मग नवा कंत्राटदार आला. त्याने सगळ्या पहारेकऱ्यांकडून तंदुरुस्तीचे दाखले मागवले, तेही कोणा ओळखीच्या संस्थेने तपासून शिक्का मारलेले. दाखला नसेल तर घरी जा. मी विचारलं, पायाला काय झालंय? तो म्हणाला, काही नाही, जिना चढून आलो म्हणून. खोटं बोलतोय हे मला कळत होतं. पण बमरोलीत भाड्याची खोली, बायको, शाळेत जाणाऱ्या दोन मुली, आणि हातची नोकरी चाललेली. मी पांडेसऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने अहिरेला न बघताच ‘शारीरिकदृष्ट्या पूर्ण सक्षम’ असं लिहून सही केली. खाली मी मंडळाचा शिक्का मारला, ‘पडताळणी केली’. माझ्या मते मी एका घराची चूल पेटती ठेवली होती.

नव्या कंत्राटदाराने त्या सक्षम माणसाला उचलून मुख्य फाटकावर टाकला. बारा तास उभं राहायचं. फाटकावर खुर्ची दिसली की दंड.

तीन महिन्यांनी त्याची बायको मंगला एकटीच आली. साड्यांच्या धागा कटिंगचं काम करणारी बाई. गठ्ठ्याने साड्या घरी आणायच्या आणि भरतकामामागचे सुटे धागे कात्रीने कापायचे, साडीमागे काही पैसे. ती खुर्चीवर बसली आणि धडाधड बोलत सुटली. नवरा घरात भिंत धरून चालतो. संडासला जाताना दाराची कडी धरून उभा राहतो. सकाळी दोन गोळ्या, संध्याकाळी दोन, तेव्हा कुठे कामाला जातो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलंय की असंच उभं राहत राहिलात तर खुब्याचा सांधा जाईल आणि मग कायमचं अंथरूण. मी म्हटलं, मग नोकरी सोडायला सांग. ती माझ्याकडे बघतच राहिली. मलाच माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली. तो उभा, ती बसलेली. ती माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलली, "यास्ले तुम्हीच सांगा, आप्पा. मन्हं ऐकतस नही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोंगरातल्या रस्त्यावर रसद घेऊन चाललेली त्यांची गाडी उलटली होती. डावा पाय गाडीखाली. मांडीत स्टीलची पट्टी, स्क्रू. नऊ वर्षांची नोकरी झालेली, हुद्दा नाईक. इस्पितळातून परतल्यावर त्याला भांडारात बसवलं. पलटण कवायतीला निघाली की हा डबे मोजत बसायचा. ते सहन होईना, म्हणून स्वतःच अर्ज करून बाहेर पडला. बाहेर पडताना बोर्ड झाला. मी विचारलं, त्या दिवशी काय केलंस? तर म्हणे, बूट चमकवले, दोन गोळ्या घेतल्या, ताठ चालत गेलो, सॅल्यूट केला. साहेबांनी विचारलं, तकलीफ? मी म्हटलं, नाही साब. मग? मग साहेब म्हणाले, शाब्बास. हे सांगताना त्याचा चेहरा क्षणभर उजळला. त्या शाब्बासकीबरोबर कागदावर वीसच्या खालचा आकडा पडला होता, आणि तेव्हापासून त्या घरात पेन्शनचा एक रुपया आला नव्हता.

पाय पुढे बिघडला तर पुन्हा तपासणी मागता येते. मी अर्ज केला. ही संधी एकदाच मिळते, असं मी त्याला बजावलं, आणि ते जवळजवळ खरंच होतं. फाईल मी जीव ओतून बनवली. अपघाताचा अहवाल, इस्पितळाचे कागद, नवे एक्स-रे. फौज सोडल्यानंतर कुठे नोकरी केली, त्याचा पुरावाही अर्जासोबत लावायचा असतो. तोही लावला. एकूण बेचाळीस कागद, प्रत्येकावर क्रमांक. रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि त्या दिवशी मी खालच्या गाडीवरून स्वतःसाठी खमण मागवलं.

सहा महिन्यांनी बोर्डाची तारीख आली. निघायच्या दोन दिवस आधी मी सवयीप्रमाणे फाईलची आमच्याकडची प्रत चाळत बसलो होतो. एकतिसावा कागद, कारखान्याचं नेमणूकपत्र. त्याच्या मागे टाचलेला एक कागद उलटला. ‘शारीरिकदृष्ट्या पूर्ण सक्षम.’ खाली शिक्का. पडताळणी केली. माझी सही.

नेमणुकीचे कागद एकत्र टाचलेले होते आणि मी ते तसेच क्रमांक टाकून लावले होते. एकही कागद गाळायचा नाही ना! बोर्डापुढे जाणाऱ्या माणसाच्या फाईलमध्ये तो ठणठणीत असल्याचा दाखला मी स्वतःच्या हाताने घातला होता. आणि तो आता काढून घेता येत नव्हता.

तशीच रिक्षा करून बमरोलीला गेलो. वाटेत काय बोलायचं ते दहा वेळा ठरवलं, तिथे पोचल्यावर सरळ सांगून टाकलं. मंगलाची कात्री थांबली. अहिरे भिंतीला टेकून उभा होता, मला बघून सरळ झाला. मी म्हटलं, बोर्डाने तो कागद पुढे केला तर दोनच उत्तरं आहेत. दाखला खरा म्हटलास तर पेन्शन गेली. खोटा म्हटलास तर ही नोकरी गेली, पेन्शन येईल न येईल.  तो म्हणाला की तिसरंही एक आहे, खोटा म्हटलं तर शिक्का तुमचा आहे, तुमचं नाव जाईल. मी चिडून म्हटलं, माझ्या नावाचं मी बघून घेईन, तू फक्त एक कर. साहेबांपुढे जसा आहेस तसा चाल. घरात चालतोस तसा.

"मी साहेबांपुढे लंगडत जाणार नाही, बाबूजी," तो म्हणाला.

मी समजावलं, नाटक कर म्हणत नाही, नाटक बंद कर म्हणतोय. मंगला रडली. त्याने ‘बरं’ म्हटलं. फौजीच्या ‘बरं’चा अर्थ काय असतो ते मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्यासोबत निघालो.

लष्करी रुग्णालय दुसऱ्या शहरात होतं, गाव सांगत नाही. दिवसाच्या गाडीने गेलो. जागा मिळाली असूनही तो अर्धा वेळ दाराजवळच उभा होता. मी पाणी मागितलं तेव्हा त्याने पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून बाटली काढली आणि तिच्याबरोबर गोळ्यांचं पाकीट अर्धं बाहेर आलं. त्याने ते पटकन आत सारलं. मी बघितलंच नाही असं केलं. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. हा उद्या सकाळी दोन गोळ्या घेणार, बूट चमकवणार आणि मागच्यासारखाच ताठ चालत जाणार. वरून माझा दाखला आहेच. कुठला डॉक्टर याला वीस टक्के देईल?

सकाळी विश्रामगृहात तो दाढी करायला बाहेर नळावर गेला. त्याची पिशवी खाटेवर होती. मी चोवीस वर्षं फौजेत होतो, दुसऱ्याच्या सामानाला कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. पाकीट काढलं आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. 

तो परत आला. अंग पुसलं, शर्ट घातला, मग पिशवीच्या कप्प्यात हात घातला. हात तिथेच राहिला. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ते उलटं धरलं नव्हतं, एवढंच. मला वाटलं, आता हा विचारणार. काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्याने पिशवीची चेन लावली, खाली बसला आणि बुटांना पॉलिश करायला लागला. 

बोर्डाच्या खोलीबाहेर बाक होता. मी बसलो, तो उभा. तासभर गेला. त्याच्या कानामागून घाम उतरत होता आणि तो भिंतीवरचा रक्तदाबाचा तक्ता पुन्हा पुन्हा वाचत होता. नाव पुकारलं गेलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता आत गेला. लंगडत नाही. दात आवळून, एकेक पाऊल मोजून, पण सरळ. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या.

दहा मिनिटांनी शिपाई बाहेर आला. फाईलवर ज्यांची सही आहे ते कोण? मी उठलो.

आत तीन डॉक्टर होते. मधल्या खुर्चीत लेफ्टनंट कर्नल हुद्द्याच्या एक बाई, केस पिकलेले, चष्मा नाकावर. त्यांच्या हातात एकतिसाव्या कागदामागचा तो कागद होता. अहिरे समोर सावधान उभा. बाई वाचत होत्या, सावकाश, आणि त्याला कोणी विश्राम म्हणत नव्हतं. मी दाराशी उभा राहून बघत होतो. त्याची डावी पँट मांडीपासून हलत होती. पाय लटलट कापत होता. चेहरा मात्र दगड.

बाईंनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "कोई तकलीफ?"

"नहीं, मॅडम."

मी काय करतोय ते मला कळायच्या आत मी बोललो होतो, "मॅडम, हा खोटं बोलतोय."

 अहिरेची मान वळली नाही, पण मानेची शीर ताठ झाली. फौजेत एका माणसाला त्याच्या साहेबापुढे खोटारडा म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मला कळत होतं, आणि आता थांबताही येत नव्हतं. मी सगळं सांगितलं. तो दाखला मी आणला. डॉक्टरने पाय बघितला नाही. मीही बघितला नाही. त्याची नोकरी जात होती म्हणून शिक्का मारला. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा.

बाईंनी चष्मा काढला. मी ओरडा खायच्या तयारीने उभा होतो. त्या फक्त म्हणाल्या, "पाय मला दिसतोय, बाबूजी. तुमच्या कागदाचं तेवढं लेखी देऊन जा." मग त्यांनी अहिरेकडे बघून विश्रामचा हुकूम दिला आणि शिपायाला त्याच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. तो बसला नाही. त्यांनी पुन्हा, आता जरा कडक आवाजात सांगितलं. हुकूम होता, म्हणून बसला. बसताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरलेलो नाही.

मी लेखी दिलं. बाहेर आल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. परतीच्या गाडीतही नाही. सुरत स्टेशनवर उतरताना मी हात पुढे केला. त्याने दांडा धरला आणि एकटाच उतरला.

कंत्राटदाराला पत्र मीच पाठवलं, की दाखल्यावरची मंडळाची पडताळणी मागे घेत आहोत. दुसरा मार्ग नव्हता, आणि एका खोट्या कागदापायी मी आणखी खोटं बोलणार नव्हतो. आठवड्याभरात अहिरेची नोकरी गेली. मंडळाने माझी सहीची परवानगी तीन महिने काढून घेतली, ते बरोबरच होतं. आता राहिली फक्त पेन्शन. आणि पेन्शन येत नव्हती.

लोकांना वाटतं बोर्ड झाला की काम झालं. बोर्डाचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात जातो, तिथून तिसऱ्यात. मी दर सोमवारी स्मरणपत्र पाठवायचो. पाच महिने गेले. या पाच महिन्यांत मी बमरोलीला तीनदा गेलो. पहिल्या वेळी गॅस संपलेला होता आणि मंगला शेजारणीच्या शेगडीवर भात टाकून आली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी ती खोली सोडून मागच्या गल्लीतली पत्र्याची घेतली होती. मी तांदूळ आणि तेल घेऊन गेलो होतो. अहिरे दारात आला, पिशवी बघितली आणि म्हणाला, ‘याची गरज नाही, बाबूजी, ठीक आहे.’ मी ती पिशवी घेऊन परत आलो. तिसऱ्या वेळी मंगलाच्या समोर साड्यांचा इतका ढीग होता की ती त्यामागे दिसत नव्हती. तिचे डोळे लाल झाले होते. तिने मला चहा विचारला नाही. मी तिला दोष देत नाही. गोळ्या चोरल्या मी, त्याला खोटारडा म्हटलं मी, नोकरी घालवली मी. उद्या टक्केही वीसच्या खालीच आले तर या घरात तोंड कसं दाखवायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती. गोळ्यांचं ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात होतं. फेकवत नव्हतं आणि परतही देववत नव्हतं.

पत्र आलं ते एका साध्या मंगळवारी, वीजबिलाबरोबर. मी उभ्यानेच फोडलं. चाळीस टक्के. कायमस्वरूपी. अर्जाच्या तारखेपासून थकबाकीसह. मी ते तीनदा वाचलं, मग बसलो, आणि खरं सांगतो, रडलो. खालच्या लेसवाल्याचा नोकर चहा घेऊन आला होता, तो कप ठेवून चुपचाप गेला.

निरोप पाठवला. चार दिवस कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी जिन्यावर तो आवाज आला. एक पाऊल जोरात, मग थोडं थांबून दुसरं घासत. आवाज दाराशी आला. मी वाट बघत होतो की आता तो थांबेल, घाम पुसेल. तो थांबला नाही. तसाच आत आला, लंगडत, कपाळावर घाम घेऊन.

मी कागद पुढे केले, कुठे सही ते दाखवलं. त्याने उभ्यानेच सह्या केल्या. पैसे किती, कधी, काही विचारलं नाही. मला वाटलं आता निघेल. मी खण उघडला आणि पाकीट टेबलावर ठेवलं. माफी मागायची होती. मी एवढंच म्हटलं की हे तुझं आहे, त्या दिवशी मी घेतलं होतं.

तो त्या पाकिटाकडे बघत राहिला. "माहीत आहे," तो म्हणाला. "पिशवीत हात घातला तेव्हाच कळलं. खोलीत आपण दोघंच होतो."

"मग मागितलं का नाहीस?"

त्याने हाताने मागची खुर्ची चाचपली आणि सावकाश, डावा पाय लांब करून, तिच्यावर बसला. न सांगता.

"मागितलं असतं तर सांगावं लागलं असतं ना, बाबूजी," तो म्हणाला, "दुखतंय म्हणून."

 मी खाली जाऊन दोन चहा सांगून आलो. वर आलो तेव्हा तो तिथेच बसलेला होता.